मुडपलेला अंगठा

लिहायला बसण्याआधी ज्यांची माफी मागायला हवी अशी बरीच माणसं आहेत. ज्यांना खरोखर व्हायोलिन येतं त्यांची, कारण मी जे वाजवतो त्याला वाजवणं म्हणावं की नाही, हे अजून माझं मलाच ठरवता येत नाही. ज्यांना लेख लिहिता येतो त्यांची, कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी एका पानापेक्षा जास्त सलग लिहिलेलं नाही. आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गोठ्यातली गोष्ट गोठ्याबाहेर नेलेली त्यांना आवडत नाही. या सगळ्यांनी मला माफ करावं. नाही केलं तरी मी लिहिणार आहे. गेल्या हंगामाआधी मी माफी मागण्यात पुष्कळ दिवस घालवले, आणि त्यानं माझा हात काडीइतकाही सुधारला नाही.

आमच्या न्हावऱ्यात हंगाम म्हटलं की कुठला, ते कुणी विचारत नाही. कारखान्यांचे बॉयलर पेटले की रस्ता उसाचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर स्पीकर लावून जातात, वळणावर कांड्या सांडतात, त्या चाकाखाली चेंगरतात आणि डांबराला चिकट गोडसर वास सुटतो. तोडणी झालेल्या रानातून वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे गोठ्यात येतात. गाई ते कुरुम कुरुम खातात. सकाळी थंडी असते, ओठ फुटलेले असतात, आणि बादलीतल्या दुधावर वाफ दिसते. यंदाचा हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झालेत. पण वाढ्याचा वास आला आणि माझा उजव्या हाताचा अंगठा आपोआप सैल झाला. हे असं होईल असं मला कुणी गेल्या वर्षी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

कारण गेल्या वर्षीच्या हंगामापर्यंत हा अंगठा मुडपलेला होता.

धार काढायच्या तीन तऱ्हा असतात हे मला फार उशिरा कळलं. चिमटीनं, मुठीनं आणि अंगठा मुडपून. आमच्या आळीत तिसरीच चालते. सड चार बोटांत धरायचा, अंगठा आत दुमडायचा, आणि अंगठ्याच्या सांध्याचं हाड सडावर दाबत खाली ओढायचं. दूध जोरात येतं, काम लवकर आटोपतं. वर्षानुवर्षं असं केलं की अंगठ्याच्या पाठीवर, सांध्यापाशी, गाठ येते. पिवळट, कडक, हरभऱ्यासारखी. अण्णांना ती आहे, आईला आहे, आजोबांना होती. मी सातवीत असताना मला ती आली, तेव्हा आईनं माझा हात शेजारच्या काकूंना नेऊन दाखवला होता. पोराचा हात धारेला बसला, म्हणाली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

त्याच सुमाराला किसनमामानं मला व्हायोलिन दिलं. मामा तेव्हा जत्रांमधल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. स्टेजच्या मागे जनरेटर धडधडत असायचा, पुढे ढोलकी आणि कीबोर्ड, आणि व्हायोलिनला बहुतेक वेळा माईकच मिळायचा नाही. त्यामुळे मामाची शिकवण एकच होती. “दाबून वाजव. लांब त्या खांबाला टेकून जो उभा हाय, त्याला ऐकाय गेलं पायजे.” मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तो राळेचा खडा आणायचा आणि गजाच्या केसांवर घासायचा. पांढरी भुकटी उडायची. मग गज मुठीत धरायचा, अंगठा आत मुडपायचा आणि तारेवर असा चालवायचा की तार ओरडायचीच. मी त्याच्याकडे बघून तसाच धरला. आम्हा दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. हातात एखादी वस्तू पक्की धरायची तर अंगठा आत जातो, एवढं आम्हाला गोठ्यात कळलेलं होतं.

पंधराव्या वर्षी मामा मला संगीताच्या परीक्षेला घेऊन गेला. बाहेरगावचे परीक्षक होते. मी भूप वाजवायला घेतला. गज पुढे जाताना सूर यायचा आणि परतताना तुटायचा. प्रत्येक वळणावर खर्र. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि माझ्याशी न बोलता मामाशी बोलले. हात चुकीचा बसलाय, म्हणाले, आता उठायचा नाही. मुलाला दुसरं काहीतरी शिकवा. मामा मान हलवत राहिला. येताना एसटीत आम्ही दोघंही खिडकीतून बाहेर बघत होतो. घरी आल्यावर मी व्हायोलिनची पेटी माळ्यावर, पेंडीच्या रिकाम्या पोत्यांच्या मागे ठेवली.

त्या माणसाबद्दल मला आता राग नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आहे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाताबद्दल कुणीही शेवटचं बोलू नये. हात पोराचा असतो, त्याला अजून कितीतरी वस्तू धरायच्या असतात.

बारावीनंतर मी दोन वर्षं कुरकुंभला कंपनीत होतो. शिफ्टमध्ये पावडरचे ड्रम भरायचे, तोंडाला मास्क, अंगाला तो एक आंबूस औषधी वास, जो आंघोळ केली तरी कानामागे राहतो. तिथं एक ड्रायर होता. तो तासन्‌तास एकाच सुरावर घुमायचा. मी त्याला षड्ज धरायचो आणि मनातल्या मनात त्यावर चढत-उतरत राहायचो. एकदा खोलीवरच्या बिहारच्या मित्रानं विचारलं, “भाई, हाथ क्यों हिलाते रहते हो?” तेव्हा मला कळलं की माझा उजवा हात हवेत गज चालवतोय. मास्कखाली मी ओशाळलो. पण त्या दिवशी खोलीवर परतताना एक गोष्ट मनाशी स्पष्ट झाली. परीक्षकांनी सांगितलं, मामानं ऐकलं, मी पेटी माळ्यावर टाकली. या हाताला मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानं सोडलेलंही नव्हतं.

मी कंपनी सोडली, शिरूरच्या कॉलेजात बीएला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तोही इतक्या उशिरा, की वर्गातली मुलं मला दादा म्हणतात. माळ्यावरून पेटी काढली तेव्हा घोडी मोडलेली होती. घोडी म्हणजे तारांच्या खालचा तो छोटा लाकडी पूल. शिरूरमध्ये ती बसवून देणारं कुणी सापडेना. कॉलेजातल्या एका मुलीनं सांगितलं की दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागे एक बाई राहतात, त्या चर्चमध्ये वाजवतात आणि दुरुस्तीही करतात.

असा मी गेल्या हंगामाच्या सुरुवातीला मिसच्या दारात उभा राहिलो. त्यांचं नाव ॲग्नेस, पण कॉलनीत सगळे त्यांना नुसतं मिस म्हणतात, चाळिशी उलटलेली माणसंसुद्धा, कारण ती सगळी कधीकाळी त्यांच्या वर्गात बसलेली. अंगणात पपई, पायरीवर एक म्हातारा कुत्रा. मागे यार्डात मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज येतो आणि कपाटातल्या बशा बारीक वाजतात. मिसनी घोडी बसवली, तारा जुळवल्या आणि म्हणाल्या, वाजव काहीतरी. मी वाजवलं. चार आवर्तनंही झाली नसतील.

“बस, बस. गज खाली ठेव, बाबा. पहिले हात दाखव.”

त्यांनी माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला. गाठीवर नख टेकवलं.

“ये क्या है? मशीनवर होतास?”

मी सांगितलं की कंपनीत होतो, पण ही गाठ त्याच्या आधीची आहे, ही धारेची. त्यांना समजलं नाही. त्यांच्या तीन पिढ्या रेल्वेत गेल्या, दूध दारात पिशवीतून येणारं. त्यांनी आपली तर्जनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “करून दाखव.”

मी हात मागे घेतला.

“लाजतोस काय? गाय समज.”

दौंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचं बोट मी अंगठा मुडपून पिळलं. त्यांनी हात झटकन ओढून घेतला, बोट हवेत झाडलं आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बिचारी गाय, बिचारी गाय, असं म्हणत त्या चहा ठेवायला गेल्या. मी तिथंच बसून कानांपर्यंत लाल झालो होतो. परत आल्या तेव्हा हसू गेलेलं होतं.

“हे बघ. तुझे राग मला येत नाहीत. मला हात येतो. पण तू रोज सकाळ-संध्याकाळ ह्या अंगठ्याला आत जायला शिकवणार, आणि रविवारी इथं येऊन मी त्याला बाहेर काढणार. कोण जिंकेल सांग? एक काहीतरी सोड, बाबा. मग ये.”

त्या वाईट काहीच बोलल्या नव्हत्या. पण चौफुल्याला एसटी बदलेपर्यंत मी त्यांचेच शब्द घोळवत होतो. धार सोड म्हणणं सोपं होतं, कारण त्यांनी आमचा गोठा पाहिलेला नव्हता. आईची मनगटं हिवाळ्यात सुजतात. अण्णा पहाटे पाण्याच्या पाळीला रानात असतात. मी धार सोडली तर ती कुणीतरी माझ्या वाटची काढणार, आणि मी पलीकडच्या खोलीत बसून, बोट न टेकवता, नुसत्या मोकळ्या तारा घासणार. असला कलावंत मला व्हायचं नव्हतं. आणि व्हायोलिन सोडायचं तर ते एकदा सोडून पाहिलेलं होतं. चौफुल्याच्या थांब्यावर मी ठरवलं की दोन्हीतलं काही सोडणार नाही. कंडक्टरनं पेटीकडे बघून विचारलं, “काय पाव्हनं, थेटरात वाजवाय व्हता काय?” चौफुल्याला लावणीची थिएटरं आहेत, त्यामुळे तिथं वाद्य घेऊन चढणाऱ्याला हा प्रश्न ठरलेलाच. गाडीतले हसले. एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी म्हणालो, नाही, शिकायला होतो. तो तिकीट फाडता फाडता म्हणाला, “ह्या वयात?” मी म्हणालो, हो, ह्याच वयात.

एवढंसं उत्तर. पण न्हावऱ्याला उतरेपर्यंत मला त्याची ऊब पुरली.

आता गोष्ट अशी की मुठीनं धार काढता येते. मागे एका गाईला दगडी झाली होती, कास दगडासारखी कडक झाली, तेव्हा औषध द्यायला आलेले डॉक्टर बोलता बोलता सांगून गेले होते की अंगठा घालू नका, पूर्ण मुठीनं काढा. आम्ही हो म्हणालो होतो आणि दुसऱ्या दिवशी अंगठा घातला होता. ते मला आठवलं. अंगठा आणि तर्जनीनं सडाच्या वर कडं करायचं आणि मग एकेक बोट वरून खाली मिटत न्यायचं. अंगठा मुडपायचा नाही, फक्त बाजूनं टेकवायचा. गजावरही त्याला तसंच सैल राहायचं होतं.

पहिल्या दिवशी गाईनं लाथ मारली आणि बादली गेली. गाई अशा बाबतीत फार जुन्या वळणाच्या. हात बदलला की त्यांना माणूस बदलल्यासारखं वाटतं आणि त्या पान्हा चोरतात, दूध वर ओढून धरतात. डेअरीत आमचं दूध कमी भरायला लागलं. तिथं ओळीत उभा असलेला बबन, माझ्याच वयाचा, रोज काहीतरी नवीन काढायचा. एकदा म्हणाला, “का रं, गायीला मेंदी काढतोस व्हय असा हात फिरवून?” दुसऱ्या दिवशी म्हणाला, गाईला आधी राग ऐकव, मग ती सुरात देईल. लोक हसायचे. मीही हसायचो, कारण विनोद चांगले होते. पण हात बदलायचा थांबलो नाही.

अण्णांनी चार-सहा दिवस काही म्हटलं नाही. आमच्या घरात न बोलणं म्हणजे बोलायची तयारी. मग एका संध्याकाळी ते वाढ्याचा भारा टाकून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“हे कोणी शिकवलं?”

मी सांगितलं. मिस, गज, अंगठा, सगळं. ते ऐकून घेताना ते आपल्याच अंगठ्याची गाठ दुसऱ्या हातानं चोळत होते, त्यांची ती सवयच आहे.

“ही माझ्या हाताला हाय. तुझ्या आयच्या हाताला हाय. म्हाताऱ्याच्या हाताला व्हती. कुणाचं काय आडलं?”

मला फार भीती वाटली. मारतील म्हणून वाटली नाही. त्यांना असं वाटतंय की मला त्यांच्यासारखा हात नकोय, हे मला दिसलं, आणि त्याची भीती वाटली. तसं नाही असं म्हणावं, समजूत काढावी, माफी मागावी, असं सगळं तोंडाशी आलं. पण त्यातलं काहीही बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी अंगठा पुन्हा आत गेला असता.

“माझं आडलंय, अण्णा,” मी म्हणालो.

त्यांनी भाऱ्याची दोरी सोडली आणि वाढं गाईंपुढे पसरलं. शेवटी म्हणाले की तांबडी तेवढी तुझी, तिच्यावर काय शिकायचं ते शीक, बाकीच्यांना हात लावू नको. आणि जाता जाता, तिची कास बिघडली तर तुझं ते वाद्य मी चुलीत घालीन, हेही म्हणाले. ही परवानगी आहे की धमकी, यावर मी रात्री जेवताना विचार केला आणि दोन्ही घेतल्या.

तर तो हिवाळा असा गेला. सकाळी तांबडी, मग शिरूरची एसटी, कॉलेज, संध्याकाळी पुन्हा तांबडी, आणि मधल्या वेळात गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या मोटारसायकलच्या आरशात स्वतःचा हात बघत मोकळ्या तारा. मिसनी कुठलंही गाणं वाजवायला बंदी घातली होती. मी त्यांना सांगितलं होतं की दोन्हीतलं काही सोडणार नाही, पण धारेचा हात बदलतोय. त्यांनी डोक्यावर हात मारला होता, आणि तरी मला ठेवून घेतलं होतं.

मोठेपणी जुनी सवय मोडणं कसं असतं, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लहानपणी आपल्याला येत नसतं म्हणून आपण वाईट वाजवतो. मोठेपणी आपण आधीपेक्षा वाईट वाजवायला शिकतो, जाणूनबुजून, रोज. जुन्या हातानं मला निदान दोन भजनं खणखणीत वाजवता यायची. नव्या हातानं एक सरळ सूर निघत नव्हता. गज घसरायचा, घोडीवर चढायचा, कधी हातातून सुटून शेणात पडायचा. अण्णा पलीकडून म्हणायचे, मोटार धरत न्हाई वाटतं, वंगण घाला. जरा घाई झाली, जरा राग आला, की अंगठा चोरासारखा आत. मी त्याला बाहेर काढायचो. तो पुन्हा आत. आमचं दोघांचं असं भांडण चालायचं, आणि कधीकधी मला वाटायचं की अंगठ्याचंच खरं आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या बाजूनं आहे आणि मी एकटा पलीकडे.

किसनमामा संक्रांतीला आला होता. हल्ली तो टेम्पो चालवतो. त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. “आवाज बारीक झाला तुझा,” म्हणाला. “हे कुणाला ऐकाय जायचं?” मी त्याला म्हणालो, मामा, आता मधे जनरेटर नाही. तो वाटीतला तिळगूळ बोटांनी चिवडत राहिला. मला त्याला दुखवायचं नव्हतं. ज्यानं मला वाद्य दिलं त्याचाच हात मी माझ्या हातातून काढत होतो, आणि हे त्याला कळत होतं. तरी मी गज पुन्हा उचलला आणि तोच बारीक सूर त्याच्यासमोर वाजवला, पुन्हा पुन्हा, तो उठून बाहेर जाईपर्यंत. हे चांगलं वागणं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी थांबलो असतो तर मामाच्या समोर कायमचा थांबलो असतो.

पुढे एक गमतीची गोष्ट झाली. एका रविवारी मिस मला मध्येच थांबवून माझ्या हाताकडे वाकल्या.

“ही करंगळी कुठून आली?”

गजावर करंगळी वाकवून टेकवायची असते, गजाचा तोल तिच्यावर असतो. माझी करंगळी सुरुवातीपासून काडीसारखी ताठ उभी राहायची, आणि मिसनी तिच्यावर अजून एक शब्दही खर्च केला नव्हता. अंगठ्याचं झालं की बघू, म्हणायच्या. आज ती आपली आपण वाकून गजावर बसली होती. मी विचार केला आणि मलाच हसू आलं. अंगठा मुडपून धार काढताना करंगळीला काही कामच नसतं. मुठीनं काढताना शेवटचा, सगळ्यात खालचा दाब तिचा. तांबडीनं तिला रोज दोन वेळा कामाला लावलं होतं. मी मिसना तसं सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग म्हणाल्या, “ठीक आहे. गायीला सांग, ती शिकवते ते मी नाही बिघडवणार.” मला एक काहीतरी सोडायला सांगितलं होतं, त्याबद्दल त्या पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.

मला या गोष्टीतून काही मोठी शिकवण वगैरे काढायची नाही, आणि मला तेवढं कळतही नाही. पण एक गोष्ट मी हट्टानं लिहून ठेवतो. आमच्यासारख्या घरातून कुणी कॉलेजला गेला, काही वेगळं शिकायला लागला, की लोक त्याच्यापुढे दोनच दारं ठेवतात. गोठा सोड, नाहीतर हे नाद सोड. गावही असंच म्हणतं आणि गावाबाहेरची भली माणसंही असंच म्हणतात. मला हे दोन्हीकडचं मान्य नाही. मी शेणाचे हात धुऊन गज धरतो, आणि गज पेटीत ठेवून शेण काढतो. हात एकच आहे. तो कुणाकडून आला ते मी विसरलेलो नाही, पण तो कसा धरायचा ते आता मी ठरवणार.

हंगाम संपला, ट्रॉल्या थांबल्या, ऊसतोडीच्या टोळ्या खोपटी मोडून आपापल्या गावी गेल्या. रानात पाचट पेटलं तेव्हा त्या राखेच्या वासात मी परीक्षेचा अर्ज भरला, शिक्षक म्हणून मिसचं नाव घालून. तीच परीक्षा, जिच्यातून मला मध्येच उठवलं होतं. मिस म्हणाल्या, घाई करतोस. मी म्हणालो, हो.

या परीक्षेचे दोन भाग असतात. एक वादन, एक लेखी. लेखीची मला काळजी नव्हती. रागांची माहिती, ताल लिहिणं, जुन्या गायकांची चरित्रं. बीए करणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड, असं मी घरात सांगून टाकलं होतं. जुनं एक मार्गदर्शक पुस्तक एसटीत वाचलं आणि पेपर लिहून आलो. पुरवणीही घेतली.

वादनाला या वेळी दुसरे परीक्षक होते, वयस्कर, सर्दी झालेले. मी मांडी घालून बसलो. त्यांनी सांगितलं, आधी नुसता षड्ज लांब द्या. गज तारेवर ठेवला आणि मला माझा अंगठा जाणवला. तो आत जायला निघाला होता. मला खात्रीनं सांगता येतं, तो निघाला होता. मी गज थांबवला, सगळ्यांसमोर, हात उचलून झटकला, आणि पुन्हा ठेवला. परीक्षकांनी रुमालातून वर पाहिलं. मग सूर आला. गज टोकापर्यंत गेला, तिथं वळला आणि परत आला, आणि ते वळण ऐकू आलं नाही. बाहेर कुठेतरी रिक्षा वाजत होती. मी भूप वाजवला. चांगला वाजवला असं म्हणणार नाही. एक-दोन ठिकाणी सूर उतरला. पण मला कुणी मध्येच उठवलं नाही. शेवटी ते ‘हं’ एवढंच म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

मग निकाल लांबला. का लांबला ते केंद्रावर कुणी सांगेना. पाऊस झाला, कांद्याची रोपं टाकली, गणपती आले नि गेले. बबन डेअरीत विचारायचा, “काय वाजिंद्रे, लागला का निकाल?” आई विचारायची नाही, पण एसटीतून उतरलो की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. दर रविवारी मिस म्हणायच्या, येईल, येईल. मी वाजवत राहिलो. आता त्यांनी गाण्यांवरची बंदी उठवली होती. पण आतून मला माहीत होतं की निकाल काय येतो त्यावर बरंच काही आहे. हात पुन्हा नापास झाला असता तर मी वाजवणं सोडलं नसतं, पण अण्णांपुढे धार काढायला बसताना मला दर वेळी त्या हाताची बाजू मांडावी लागली असती.

परवाची गोष्ट. नवीन हंगामातला आमच्या उसाचा पहिला फड तुटत होता. मी दिवसभर रानात होतो, मोबाईल घरी चार्जिंगला. दिवस कलताना आलो, हात धुतले आणि तांबडीखाली बसलो. अण्णा पेंडीचं घमेलं घेऊन आले. घमेलं तिच्यापुढे ठेवलं, तिच्या पाठीवर थाप मारली, आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाले की दौंडच्या बाईंचा फोन आला होता, तुझा उचलला नाही म्हणून माझ्यावर केला.

माझी बोटं चालू होती. मी ती थांबवली नाहीत.

“निकाल लागला म्हनं.”

त्यांनी वाढ्याची एक पेंढी सोडली, हलवली, पुढे टाकली. हे सगळं ते मुद्दाम सावकाश करत होते, आणि ते मुद्दाम करतायत हे मला कळत होतं.

“वाजवण्यात पास हायस. चांगला पास हाय, म्हनाल्या. हाताबद्दल लिवलंय काहीतरी परीक्षा घेणाऱ्यानं, बाईंनी इंग्रजीत वाचून दाखवलं, मला काय कळलं न्हाई.” ते थांबले. “लिवायच्या पेपरात नापास.”

बादलीत धार पडत होती तिचा आवाज बंद झाला. मी हात तसाच सडावर ठेवून त्यांच्याकडे बघितलं. लेखीत? मी विचारलं. ते म्हणाले, हो, ताल का काय ते उलटं लिहिलंस म्हणे. फक्त पेपर परत द्यायचा, वाजवायचं परत द्यायला लागत नाही, असं बाईंनी दोनदा सांगायला सांगितलंय.

मला हसू आवरेना. तांबडीनं मान वळवून पाहिलं. मी म्हणालो, देईन परत, पुढच्या खेपेला देईन. अण्णांनी घमेलं उचललं, दारापर्यंत गेले, आणि तिथून, आत चुलीपुढे बसलेल्या आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

“हात पास हाय पोराचा. डोकं नापास झालंय.”